आईच्या खोलीतला मिक्सर

"रात्री दोनला मिक्सर कोण लावतं रे?" आईने चहा गाळता गाळता विचारलं.

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या आमच्या घरात, तिच्या गुडघ्यांना जिना नको म्हणून गॅरेजची खोली केली, बाथरूमही काढलं. पण मैल्याचा चार इंची पाइप घराच्या पार मागच्या अंगाला. फरशी फोडायचा खर्च ऐकला आणि कमोडमागे मॅसरेटर बसवला. ही शक्कल फ्रेंचांची, १९५८ सालची. फ्लश केलं की पांढऱ्या डब्यातली पाती सगळं वाटते आणि पंप ते अंगठ्याएवढ्या नळीतून छतापर्यंत चढवतो. म्हणजे आई अगदीच चूक नव्हती.

पण फ्लश न करता हा रात्रीचा दळायला का बसतो? डब्यात पाणी वाढलं की आतली हवा दाबली जाते, रबरी पडदा फुगतो, स्विच लागतो. मग पाणी येतं कुठून? दोन प्लंबरांनी 'मॅसरेटर' एवढं ऐकूनच काढता पाय घेतला. शेवटी दिवाळीच्या जिलबीचा केशरी रंग फ्लशच्या टाकीत ओतला. तासाभराने पाहिलं, कमोडातलं पाणी स्वच्छ. टाकी निर्दोष. नळही ठिबकत नव्हते. म्हणजे वर चढवलेलं पाणीच परत खाली येत होतं. नळीच्या तोंडाची झडप नीट मिटत नव्हती.

वीज बंद केली, हातमोजे चढवले, जुनी बादली घेतली. उभ्या नळीत पाणी तुंबलेलं असतं, हे मात्र क्लिप सैल केल्यावर आठवलं. ते कोपरापर्यंत आलं. कसलं पाणी, ते विचारू नका.

झडपेच्या रबरात क्षाराची एक खपली अडकली होती, नखाएवढी. इथलं पाणी जडच; किटलीच्या तळाशीही हीच पांढरी पुटं. खपली काढली, झडप व्हिनेगरमध्ये बुडवून घासली, परत बसवली.

आईने चहाचा कप माझ्या हातात दिला नाही. ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "आधी अंघोळ."

तिच्याच बाथरूममध्ये केली. शॉवरचं पाणीही त्याच डब्यात जातं. घर्रर्र करून पंप थांबला. मी शॉवर बंद करून ओल्या अंगाने, कान डब्याला लावून, थंडीत कुडकुडत वीस मिनिटं बसलो.

"चहा गार झाला!" बाहेरून आई.

"अजून पाच मिनिटं."