नव्या मॉनिटरचा वास

काल संध्याकाळी नवा मॉनिटर आला. थर्माकोल काढला, कडेची पातळ फिल्म सोलली, चालू केला. अर्ध्या तासात मागच्या जाळीतून गरम हवा यायला लागली आणि तिच्याबरोबर तो वास. गोडसर, रबरासारखा, घशात बसणारा. बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या बंद. आईला दमा आहे. आतून ती म्हणाली, "अगं, काही जळतंय का बघ."

पोटात गोळाच आला. प्लग काढून जाळीजवळ नाक नेलं. जळका वास नव्हता. तसा असता, तर पुन्हा चालूच केला नसता, सरळ परत दिला असता. प्लॅस्टिक, गोंद, रंग यांत उरलेली द्रावकं तापली की हवेत सुटतात. आग लागू नये म्हणून घातलेली रसायनंही सुटतात. २००० साली स्वीडनमधल्या संशोधकांनी मॉनिटरमधून हवेत येणारं असंच एक रसायन, ट्रायफेनिल फॉस्फेट, मोजलं होतं. वापराच्या दिवसांगणिक ते कमी होत गेलं. युरोपीय संघानं २०२१ पासून स्क्रीनच्या केसिंगमध्ये हॅलोजनयुक्त (म्हणजे ब्रोमीन, क्लोरीन असलेल्या) अग्निरोधक रसायनांना बंदीच घातली. माझ्या खोक्यावर मात्र याबद्दल एक ओळ नाही. याचा खरंच राग येतो.

आज सकाळपासून मॉनिटर गॅलरीत, झड लागणार नाही अशा कोपऱ्यात, ब्राइटनेस पूर्ण ठेवून चालू. मधलं दार बंद. उदबत्ती नाही, रूम फ्रेशनर नाही, त्यानं आईला जास्तच खोकला येतो. दुपारी पुन्हा वास घेतला, बराच उतरलाय.

आई आत्ता शांत झोपलीये. मॉनिटर अजून तीन-चार दिवस तिथेच राहील.