गाडी निघालीय मॅडम

आठ वर्कस्टेशन, आठ पेडस्टल (टेबलाखालचे ड्रॉवरचे खण), केबिनची दोन टेबलं, एक कॉन्फरन्स टेबल आणि चौदा खुर्च्या. साडेचार लाख रुपये, वर १८ टक्के जीएसटी. सांगलीतल्या आमच्या ऑफिससाठी ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला पुण्याला ऑर्डर दिली आणि शेवटची खुर्ची आली ती दिवाळी उरकल्यावर. मिरजेतली एक डॉक्टर मैत्रीण क्लिनिक थाटतेय आणि कुपवाड एमआयडीसीतला एक क्लायंट नवं ऑफिस काढतोय. दोघांनी एकच विचारलं, फर्निचर पुण्याहून मागवू की इथंच करून घेऊ? फोनवर अर्धवट उत्तर दिलं, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

आमचं सीएचं ऑफिस आधी गणपती पेठेत तळमजल्यावर होतं. २०१९ च्या पुरात तिथं पाणी शिरलं, तेव्हा फर्निचरबद्दल जे शिकायचं ते मी शिकून घेतलं. प्रिलॅम पार्टिकल बोर्डाची, म्हणजे भुसा दाबून वर लॅमिनेट चिकटवलेल्या फळ्यांची कपाटं कडेकडेनं फुगली, दारं बिजागरीसकट हातात आली. शेजारचं लोखंडी गोदरेज कपाट मात्र आतून-बाहेरून धुतलं, वाळवलं, आणि ते अजून वापरात आहे. आता विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर आलोय. तिथपर्यंत कृष्णा काही यायची नाही, पण फरशी पुसायची बादली रोज येते. म्हणून फायलींचे रॅक जमिनीला टेकणारे असतील तर प्लायवूडचेच, आणि तेही बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं, ज्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो ते, एवढं आधीच ठरवलं होतं. साध्या एमआर, म्हणजे फक्त ओलावा सोसणाऱ्या प्लायवर आयएस ३०३ असतं. दुकानदार दोन्हीला 'वॉटरप्रूफ' म्हणतो, त्यामुळे त्याचं बोलणं ऐकू नका, शिक्का बघा.

मग सगळंच सुताराकडून का नाही करून घेतलं? एक तर जागा भाड्याची. उद्या सोडायची वेळ आली तर मॉड्यूलर टेबल खोलून नेता येतं, भिंतीला ठोकलेलं नाही. दुसरं, ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे आमचा टॅक्स ऑडिटचा सीझन. ऑफिसात करवत आणि फेव्हिकॉलचा वास घेऊन आर्टिकल मुलांना, म्हणजे आमच्याकडे सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्यांना, ताळेबंद जुळवायला बसवणं शक्य नव्हतं. सांगलीत मी फिरले त्या दुकानांत सोफा, दिवाण, डायनिंग टेबल हवं तेवढं होतं. ऑफिसचं म्हटलं की कॅटलॉग पुढं यायचा आणि ऑर्डर जायची पुण्यालाच. मग थेट पुण्याच्याच एका डीलरला गाठलं. त्याचा कारखाना चाकणजवळ. रॅक मात्र इथल्या मिस्त्रींकडे दिले, टिंबर एरियातून प्लाय मीच आणून दिला.

कोटेशनवर लिहिलं होतं, 'डिलिव्हरी ३ ते ४ आठवडे'. हे वाक्य सगळ्यांच्या कोटेशनवर असतं. प्रश्न असा की ते आठवडे मोजायला सुरुवात कधी होते? ऑर्डर दिल्यावर नाही. अॅडव्हान्स जमा झाल्यावरही नाही. ड्रॉइंगवर तुमची सही झाली, लॅमिनेटचा शेड नक्की झाला, पायांच्या पावडर कोटिंगचा रंग ठरला, यातलं जे सगळ्यात शेवटी होईल तिथून. आणि ड्रॉइंग कोण पाठवणार? तेच. त्यांनी दहा दिवस लावले तर ते दहा दिवस कुणाच्याच खात्यात पडत नाहीत. म्हणून माझ्या पर्चेस ऑर्डरमध्ये मी तारीखच घातली. 'अमुक तारखेपर्यंत फिटिंगसह' एवढंच. तारीख लिहिलेली नसेल तर १९३० चा सेल ऑफ गुड्स अॅक्ट म्हणतो, विक्रेत्यानं वाजवी वेळात माल पाठवावा. वाजवी म्हणजे किती, यावर वाद घालायचा असेल तर वकील लागतो आणि वकिलालाही बसायला खुर्ची लागते.

तारीख लिहिली म्हणून माल वेळेत आला का? नाही आला. पण भांडायला एक जागा मिळाली.

सेल्सवाल्या मुलाकडून काही कळेना, तेव्हा मी कारखान्यातल्या सुपरवायझरचा नंबर मिळवला. हा माणूस बोलायला मोकळा निघाला. तो म्हणाला, मॅडम, तुमच्या आठ टेबलांसाठी मी पॅनल सॉ, म्हणजे बोर्ड कापायचं मशीन, लावत नाही. त्याच शेडची दुसरी ऑर्डर येईपर्यंत तुमची थांबते, म्हणजे बोर्डाचा तुकडा वाया जात नाही. पावडर कोटिंगचंही तसंच. रंग बदलायचा म्हणजे सगळा बूथ साफ करायचा, त्यात अर्धा दिवस जातो, म्हणून एका रंगाचे पाय साठवून एकदम काढतात. मी विचारलं, मग सगळ्यात जास्त चालणारा शेड कुठला? त्यानं सांगितला. मला हवा होता त्याच्यापेक्षा थोडा फिका होता. मी त्याच दिवशी शेड बदलला आणि आमची टेबलं पुढच्याच बॅचमध्ये कापली गेली. ही माहिती कॅटलॉगमध्ये कुठंच नसते. सेल्सवाल्याला ती माहीत नसते, किंवा सांगायची नसते.

इकडे गणपती पेठेची जागा पंधरा ऑगस्टला सोडली. जुनं सामान नव्या भाडेकरूनं ठेवून घेतलं होतं. मंडपवाल्याकडून टेबल-खुर्च्या भाड्यानं आणायचा विचार होता, पण २७ ऑगस्टला गणपती बसणार, त्यामुळे गावातलं एकूण एक टेबल बुक. मंडपवाला म्हणाला, "विसर्जनानंतर कितीबी न्या की ताई, आत्ता माझ्या घरातलं जेवायचं टेबल मंडळात हाय." त्यामुळे आमची आर्टिकल मुलं सतरंजीवर मांडी घालून, पुढं फायलींचे गठ्ठे आणि त्यावर लॅपटॉप, अशी बसली. दोन-तीन दिवस मजा वाटली. मग सगळ्यांच्या पाठी बोलायला लागल्या.

मार्केट यार्डातले आमचे एक हळदीचे व्यापारी सह्या करायला आले होते. सत्तरीचे गृहस्थ. मला संकोच वाटत होता की यांना बसवायचं कुठं. त्यांनी चपला दारात काढल्या, भिंतीला पाठ टेकून आरामात बसले आणि म्हणाले, "बाई, खुर्च्यांचं काय मनाला लावून घेताय? आमच्या पेढीवर वडिलांपासून गादी-तक्क्या हाय. आजवर एकानंबी खुर्ची मागितली न्हाई." मग जीएसटीच्या नोटिशीबद्दल तासभर बोलले. ऑफिसात गादी घालायचा विचार माझ्या मनात खरोखर येऊन गेला. आर्टिकल मुलांनी एकमतानं हाणून पाडला.

मिस्त्रींचंही काही वेगळं नव्हतं. रॅकचा सांगाडा उभा केला आणि गायब. फोन केला तर, "ताई, मंडळाच्या देखाव्याचं काम लागलंय. बाप्पाच्या कामाला न्हाई कसं म्हणू?" संध्याकाळी येताना मी त्या मंडळाच्या मंडपात डोकावले. मिस्त्री शिडीवर, हातात स्क्रू ड्रायव्हर, तोंडात चार स्क्रू. मला बघून हसले. विसर्जन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हजर, आणि रॅक उत्तम केलेत. उशीर दोघांनीही केला. फरक एवढाच की मिस्त्रींचा उशीर मला शिडीवर बसलेला दिसत होता. पुण्याचा उशीर नुसता फोनवर होता.

आणि तो फोन म्हणजे हे: "गाडी निघालीय मॅडम."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हमालांना सांगून ठेवलं, मुलांना सतरंज्या उचलायला लावल्या. मग सहज ई-वे बिलाच्या, म्हणजे माल वाहून न्यायच्या ऑनलाइन परवान्याच्या, पोर्टलवर लॉगिन केलं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर किमतीचा माल हलवायचा तर ई-वे बिल काढावंच लागतं. ते आपल्या जीएसटी नंबरवर निघालं की आपल्यालाही पोर्टलवर दिसतं. आमच्या नावावर एकही बिल नव्हतं. म्हणजे एक तर गाडी निघालेली नाही, नाही तर बिलाशिवाय निघालीय. यातली दुसरी गोष्ट कुठलाही डीलर कबूल करत नाही. मी शांतपणे तेवढंच विचारलं. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग, "मॅडम, लोडिंग चालू आहे."

काही दिवसांनी पुन्हा 'निघालीय'. या वेळी बिल होतं, पण फक्त भाग अ. म्हणजे माल काय, किंमत किती, कुठून कुठं. भाग ब मध्ये गाडीचा नंबर असतो, तो रिकामा होता. गाडीचा नंबर नाही म्हणजे माल अजून कारखान्याच्या दारातच. बिलाची मुदत मोजायला सुरुवात होते तीही भाग ब पहिल्यांदा भरल्यावरच. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, चाकण ते सांगली अंतर त्याहून जास्त, म्हणजे दोन दिवस. भाग ब मध्ये एमएच १४ चा नंबर दिसला तेव्हा मी हमालांना फोन केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पो दारात उभा होता.

तुमचा स्वतःचा जीएसटी नंबर नसेल तर डीलरकडे ई-वे बिलाचा नंबर आणि गाडीचा नंबर मागा. दोन्ही लगेच मिळाले तर गाडी निघालीय.

माल आला तेव्हा पितृपंधरवडा चालू होता. सासूबाईंनी एकदाच विचारलं, "आत्ताच आणायचंय का?" मी म्हटलं, टेबलांचं उद्घाटन दसऱ्याला करू, जोडून तरी घेऊ. खरं सांगायचं तर हा पंधरवडा साधायचा सल्ला सुपरवायझरचाच होता. या दिवसांत नवीन सामान घरात किंवा दुकानात घ्यायला बरेच लोक तयार नसतात, त्यामुळे फिटिंगवाली पोरं मोकळी असतात. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत तीच पोरं हाताला लागत नाहीत आणि दिवाळीला गावी गेली की परत कधी येतील ते त्यांनाच माहीत. आमच्याकडे दोघं आले आणि दोन दिवसांत सगळं जोडून गेले. कॉन्फरन्स टेबलचा टॉप आठ फुटी. तो दोन तुकड्यांतच हवा असं ड्रॉइंगवर लिहून घेतलं होतं, कारण आमच्या लिफ्टमध्ये माणसंच कशीबशी मावतात. हमाली कुणाची हेही ऑर्डरमध्ये लिहा. 'डोअर डिलिव्हरी' याचा ट्रान्सपोर्टवाल्याच्या भाषेत अर्थ इमारतीचं दार असा होतो, तुमच्या ऑफिसचं नाही.

खुर्च्या नव्हत्या आल्या. खुर्ची हा प्रकार वेगळाच आहे. पाठीची जाळी एकाची, फोम दुसऱ्याचा, गॅस लिफ्ट आणि मागं झुकायची यंत्रणा बहुतेक वेळा बाहेरून आयात. यातलं एक जरी अडकलं तरी खुर्ची उभी राहत नाही. डीलरनं टेबलं आणि खुर्च्यांचं एकच बिल आधीच पाठवून दिलं होतं, मी ते परत केलं. एका बिलाचा माल तुकड्यातुकड्यानं आला तर शेवटचा तुकडा हातात पडेपर्यंत जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपल्या करातून वजा करणं, घेता येत नाही. म्हणजे चौदा खुर्च्यांपायी सगळ्या टेबलांचा कर अडकला असता. एकूण कर होता ८१,००० रुपये. टेबलांचं वेगळं बिल करून घेतलं, खुर्च्यांचं त्या आल्यावर.

त्यात २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर आले. डीलर म्हणाला, "थोडं थांबलात तर रेट कमी होईल मॅडम." हे त्यानं सीएला सांगावं! लाकडी आणि लोखंडी ऑफिस फर्निचर होतं तिथंच, १८ टक्क्यांवर राहिलं. कमी झाला तो बांबू-वेताच्या फर्निचरचा दर, १२ वरून ५. आमच्या ऑर्डरीत वेत औषधालाही नव्हता.

दसरा २ ऑक्टोबरला होता. टेबलांची पूजा झाली, झेंडूची माळ मॉनिटरला घातली. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या फर्निचरवर घसारा, म्हणजे वस्तू झिजते म्हणून उत्पन्नातून मिळणारी वजावट, निम्मा मिळतो, दहाऐवजी पाच टक्के. ३ ऑक्टोबरनंतर वापरात आलेली प्रत्येक वस्तू त्या वर्षी निम्म्यात गेली. टेबलं वाचली, खुर्च्या अडकल्या. रक्कम फार मोठी नाही, पण डीलरला तो आकडा मेल करताना बरं वाटलं. ऑडिटची मुदत सरकारनं वाढवली होती, त्यामुळे तोवर मंडपवाल्याच्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून ती कामंही निभावली. विसर्जनानंतर त्यानं शब्दाप्रमाणे हव्या तेवढ्या दिल्या.

मैत्रिणीला आणि क्लायंटला माझं उत्तर: टेबलं पुण्याहून, जमिनीला टेकणारं सगळं इथल्या मिस्त्रींकडून, आणि खुर्च्या फक्त तयार स्टॉकमधल्या. त्या बसून बघा आणि त्याच टेम्पोत घालून आणा. पैशांची अट मात्र ऑर्डरच्या आधीच ठरवा. डीलरला हवे होते ५० टक्के आगाऊ आणि ५० माल निघण्याआधी. मी ५०, ४० आणि फिटिंग पूर्ण झाल्यावर १० यावर अडून बसले. त्या दहा टक्क्यांमुळे मोडेस्टी पॅनेलचे (टेबलाच्या पुढच्या आडोशाच्या फळीचे) हरवलेले स्क्रू कुरिअरनं आले, ओरखडा पडलेला एक टॉप बदलून मिळाला आणि सुपरवायझर अजून माझा फोन उचलतो. सहा नंबरच्या पेडस्टलची किल्ली यायची आहे, तोपर्यंत ते पैसे माझ्याकडेच आहेत.