कोरड्या दिवसाचं उधाण

हवामानाच्या धोक्यांशी शहर किती जुळवून घेतंय, याचे गुण द्यायचं काम होतं. नवी मुंबईतल्या खाडीकाठच्या एका धारण तलावावर गेलो तो दिवस मुद्दाम निवडलेला: उधाणाची भरती आणि कोरडं आभाळ. पाऊस नसताना तलाव चढला, तर ते पाणी मुख्यतः खाडीचंच.

नवी मुंबईचे काही नोड, म्हणजे आखीव उपनगरं, उधाणाच्या पातळीखाली आहेत. म्हणून सिडकोने डच धर्तीवर हे तलाव केले. भरतीला खाडीकडच्या तोंडावरच्या झडपा आपोआप मिटायच्या, नाल्यांचं पाणी तलावात थांबायचं, ओहोटीला खाडीत उतरायचं.

आधी पातळ्या जुळवल्या. इथे हमखास घोळ होतो. भरतीच्या तक्त्यातले ४.६ मीटर चार्ट डेटमपासूनचे, म्हणजे जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासूनचे, तर रस्त्याची उंची सरासरी समुद्रसपाटीपासूनची. मुंबईत दोन्हींत सुमारे अडीच मीटरांचा फरक पडतो. तो वजा न करता नकाशा रंगवला, की अख्खा नोड बुडालेला दिसतो!

झडपेच्या आत एक आणि बाहेर एक अशा दोन मोजपट्ट्या रोवल्या. दर पंधरा मिनिटांनी वाचन. झडप धड असती तर आतलं पाणी फारसं हललं नसतं. अडीच तासांत ते ३० सेंटिमीटर चढलं. ओहोटीला पाहिलं तर उंबऱ्यावर गाळ, त्यात अडकलेला ओंडका, बिजागरी गंजलेली, रबराची कड झिजलेली. गाळ काढायचा तर त्यात खारफुटी रुजलेली, आणि ती हलवायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते.

तलाव ५ हेक्टरांचा. म्हणजे १५,००० घनमीटर जागा खाडीनेच खाल्ली. पाणलोट ५० हेक्टर धरला, तर ३० मिलिमीटर पावसाची सोय गेली. ताशी १,००० घनमीटरचा पंप तेवढं उपसायला १५ तास घेईल. पुढची भरती मात्र साधारण साडेबारा तासांत हजर.

आमच्या तक्त्यात या जागेला पूर्ण गुण होते. ‘झडप आहे का? पंप आहे का?’ दोन्हींना ‘हो’. प्रश्नच चुकीचे, उत्तर देणाऱ्याचा काय दोष? पहिला खोडून ‘उधाणाला आत पाणी किती सेंटिमीटर चढतं?’ असा केला. पंपासमोर ‘हो’ऐवजी त्याच्या मीटरवरचे चाललेले तास.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळीच पंपही सुरू करायला लावला. मजेत चालला. पाइपाचं तोंड त्याच झडपेबाहेर होतं. उपसलेलं पाणी फटीतून पुन्हा आत येत होतं.