दीड मिनिट

मंगळवार, रात्रीचे ११

काल रात्री लाइट गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. इन्व्हर्टरने दोन-अडीच तास तग धरला, मग त्याने मान टाकली आणि त्याच्यासोबत माझ्या डेस्कटॉपनेही. हा डबा मी सहसा बंद करतच नाही. २३ दिवस सलग चालू होता.

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पों-पों करत दारावरून गेला तेव्हा बटण दाबलं. काळ्या पडद्यावर लाल चांदण्या इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरायला लागल्या. शेजारी ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ आणि सेकंद मोजणं चालू. दीड मिनिट भरलं आणि इमर्जन्सी मोड: रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड दे, नाहीतर कंट्रोल-डी दाब. कंट्रोल-डी दाबलं. पुन्हा तेच.

मी निकाल लावूनच टाकला: लाइट गेली, डिस्क गेली. भजनी मंडळाच्या जुन्या वह्या स्कॅन करून त्यावरून चवथीसाठी आरत्यांची पुस्तिका जुळवतोय, त्यातली काही पानं बाबांच्या हातची. पोटात गोळाच आला.

पेनड्राइव्हवरून लाइव्ह डेबियन (थेट पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) चढवलं आणि आतल्या डिस्कवर एफएससीके, म्हणजे डिस्कवरची मांडणी तपासणारं साधन, सोडलं, सक्तीने, पूर्ण तपासणीचं. पाचही टप्पे साफ. आनंद व्हायला हवा होता, पण मी चिडलो. हातातला आरोपी सुटला होता. मग रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने पुसल्या. पावसाळ्यात इथे काहीही बिघडलं की आधी रॅम पुसायची, हा आमचा कुळाचार. फरक शून्य.

आई चहा ठेवायला आली. चांदण्यांकडे बघत म्हणाली, “बाबू, एवढं लिहून येतंय, ते वाचलंस का?”

नव्हतं वाचलं. इमर्जन्सी मोडमध्ये पासवर्ड देऊन जर्नलसीटीएल -एक्सबी, म्हणजे या वेळच्या सुरुवातीची नोंदवही, उघडलं. ‘टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस’, पुढे एक लांबलचक यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा ओळख क्रमांक. खाली ‘डिपेंडन्सी फेल्ड’, आणि डिस्क जिथे जोडली (माउंट केली) जाते त्या जागेचं नाव: ‘पोथी’.

पोथी! ती बाहेरची यूएसबी डिस्क, स्कॅनची दुसरी प्रत ठेवलेली. वैशाखात मीच तिची ओळ एफएसटॅबमध्ये, सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, घातली होती. माउंट -ए करून पाहिलं, लगेच जोडली गेली, मी खूश. जोडली जाणारच, डिस्क टेबलावरच होती. रविवारी ती व्यवस्थित अनमाउंट करून म्हापशाच्या मावसभावाला दिली, त्याला काही पानं हवी होती. ओळ मात्र तशीच राहिली. मशीन चालू होतं तोवर कुणाचंच बिघडलं नाही. काल बंद पडून पुन्हा सुरू झालं तेव्हा सिस्टमडीने, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामने, ती यादी वाचली आणि नसलेल्या डिस्कची वाट बघत बसलं. वर तिच्याविना पुढे जायचं नाही, हेही मीच सांगून ठेवलेलं. ओळीच्या चौथ्या रकान्यात नुसतं ‘डिफॉल्ट्स’ लिहिलं की डिस्क सक्तीची होते.

जोडलेल्या डिस्कचे क्रमांक दाखवणाऱ्या बीएलकेआयडीने यूयूआयडी ताडून पाहिले: आतल्या डिस्कचे जुळले, पोथीचा कुठे पत्ताच नाही. नॅनो हा साधा एडिटर उघडून त्या ओळीत ‘डिफॉल्ट्स’च्या पुढे स्वल्पविराम, ‘नोफेल’, आणि १० सेकंदांचा डिव्हाइस-टाइमआउट. असली तर जोड, नसली तर पुढे चल. रीबूट. मिनिटाच्या आत लॉगिन, पुस्तिका जशीच्या तशी.

सकाळी आठला बसलो होतो. दुरुस्ती झाली तेव्हा दीड वाजला होता आणि त्यातला नॅनोचा वेळ फार तर दोन मिनिटं. आईला सांगितलं की लाइटचा दोष नव्हता, तर ती “मग पावसाला सकाळपासून का शिव्या देत होतास?” म्हणून आत गेली.

संध्याकाळी मावसभावाला फोन केला. पानं बघून झाली का, डिस्क कधी देतोस?

“झाली रे. कालपासून स्कूटरच्या डिकीतच आहे, उद्या आणतो.”

बाहेर अजून कोसळतोच आहे. त्याच्याकडे स्कूटर झाडाखाली उभी असते.