जुन्या पिकअपचे मंद दिवे

हेडलाइट चालू असताना पिकअपच्या बॅटरीवर मल्टीमीटर १२.४ व्होल्ट दाखवत होता आणि बल्बच्या होल्डरपाशी जेमतेम १०.५, मधला दाब वाटेतच खर्ची पडत होता.

अर्थिंगची वायर सोडवली, तर तिच्याखालचा चॅसिसचा पत्रा गंजाने पार तपकिरी झालेला होता. तो पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासल्यावर उजेडाचा पिवळेपणा बराच ओसरला. उरलेला भार आता रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, उचलतो, कारण ५५ वॉटच्या दोन दिव्यांचा सुमारे ९ अँपिअर प्रवाह जुन्या स्विचमधून नेणे मला अजिबात पटत नव्हते. बॅटरीपासून जाड वायर आणली आणि तिच्या सुरुवातीलाच फ्यूज बसवला.

मनाला लागले ते वेगळेच: उजेड वाढावा म्हणून पूर्वी कुणीतरी जास्त वॉटचे बल्ब लावले होते आणि त्या उष्णतेने होल्डर वितळला होता. वायर तपासण्याआधी बल्ब बदलण्याची घाई आपल्याला का होते?