पुठ्ठ्याचं घर खरं कसं वाटतं?

मिनिएचर वॉरगेमिंगचं, म्हणजे छोट्या सैनिकांच्या पुतळ्यांनी खेळायच्या लढाईच्या खेळाचं, टेबल मांडलं की कुणीतरी हमखास विचारतं, "हे सगळं घरातल्या पुठ्ठ्या-थर्माकोलचं ना? मग इतकं खरं कसं वाटतं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. बहुतेकांना वाटतं ही रंगांची करामत आहे. मी मात्र मापाला पहिला मान देतो.

माझे सैनिक तळपायापासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटरचे आहेत, म्हणजे प्रमाण साधारण १:५६. या हिशेबाने दोन मीटरचं दार ३६ मिलिमीटरचं होतं. पण सैनिक पायाखालच्या चकतीवर उभा असतो, म्हणून मी ते ४० चं कापतो. छातीपर्यंतची दगडी भिंत २५ च्या आसपास. दाराचं माप फसलं, तर कितीही सुंदर रंगकाम ते घर सावरू शकत नाही.

माप डोक्यात बसलं की घरातल्या वस्तू वेगळ्या दिसायला लागतात. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद किंचित ओला करून सोलला, की आत पत्र्याचं छप्पर तयारच असतं! आइस्क्रीमच्या काड्यांच्या फळ्या होतात, जुन्या काथ्याच्या पायपुसण्याचे झुपके म्हणजे उभं पीक. चहाचा चोथा जंगलातला पाचोळा म्हणून मला फार आवडतो, फक्त तो कडकडीत वाळवायला हवा, नाहीतर बुरशी धरते. दाट, बारीक पोताच्या फोमवर चुरगळलेल्या फॉइलचा गोळा दाबत फिरवला की खडक उमटतो. साध्या दाणेदार थर्माकोलवर तो तितका उठत नाही.

थर्माकोलवर थेट स्प्रे मात्र मारू नका, त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतं. आधी पांढरा गोंद आणि काळा रंग एकत्र करून जाडसर हात द्या, वाळल्यावर त्याचं कवच होतं. पुठ्ठा एकाच बाजूने रंगवला तर वाकतो, तेव्हा मागूनही हात हवा. मग ब्रश जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि फिकट राखाडी रंग नुसता उंचवट्यांवरून फिरवायचा. सगळ्या तुकड्यांच्या कडांना मातीचा एकच रंग द्या. वेगवेगळ्या वेळी केलेली घरं, टेकड्या त्यानेच एका मुलखातल्या वाटतात.

हे सगळं शेवटी खेळण्यासाठी आहे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली छापलेल्या खेळातही लाकडी ठोकळे आणि झाडांच्या डहाळ्या यांचाच मुलूख होता. टेकडीचा नैसर्गिक उतार देखणा दिसतो, पण त्यावरून सैनिक घसरतात. म्हणून मी सपाट पायऱ्या ठेवतो, थोडं देखणेपण गेलं तरी चालेल. मांडणी झाली की खाली वाकून सैनिकाच्या डोळ्याच्या उंचीवरून बघा. टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ नजर जात असेल, तर मध्ये आडोशाला अजून एक भिंत किंवा स्पंजचं कुंपण हवं.