पंचवीस पोत्यांचा फरक

कोकणात मार्चअखेर येते ती ऐन हंगामात. काजूची बी फेब्रुवारीत पडू लागते आणि मार्च संपताना आवक पुऱ्या भरात असते. आंब्याच्या पेट्या निघायला लागलेल्या असतात, शिमग्याला गेलेले कामगार अजून पुरते परतलेले नसतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत ३१ मार्चला हातात किती माल शिल्लक आहे ते मोजून लिहायचं असतं. मी वेंगुर्ले तालुक्यातल्या छोट्या व्यवसायांचे हिशेब लिहिते. काजूचे कारखाने, कोकम सरबतवाले, किनाऱ्यावरची दोन-चार घरगुती निवासं. वर्षभराच्या नोंदी जुळवून सीएंकडे ऑडिटला देण्याजोग्या करायच्या, हे माझं काम.

२०२५ साली ३० मार्चला रविवारी गुढीपाडवा होता आणि ३१ला सोमवारी रमजान ईद. सरकारी जमा-खर्च पाहणाऱ्या बँकांच्या शाखा मात्र रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी चालू ठेवायला लावल्या होत्या. त्या सोमवारी सकाळी मी एका काजू कारखान्यात मालमोजणीला गेले. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांचा मुलगा पुण्याहून शिकून आलेला, आता कॉम्प्युटर आणि विक्री तो बघतो. आणि खळं आणि गोदाम सांभाळणारे आबा, वय सत्तरीच्या आसपास, भाऊंच्या वडिलांच्या वेळेपासूनचे.

या कारखान्यात त्या वर्षी एक मोठा बदल झाला होता. आधी ते व्यापाऱ्यांकडून सुकी बी घ्यायचे. पोतं यायचं, बिल यायचं, काम संपायचं. या हंगामात भाऊंनी ठरवलं की मधला माणूस नको, तुळस, आडेली, मातोंड अशा गावांतून बी थेट बागायतदारांकडून घ्यायची. निर्णय चांगला होता, शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळत होते. पण हिशेबाचं सगळं रूपच त्याने बदललं. शेतकऱ्याकडून न सोललेली बी घेतली की जीएसटी शेतकरी भरत नाही. रिव्हर्स चार्जने नोंदणीकृत खरेदीदाराने ५ टक्के भरायचा, तोही आधी शिल्लक असलेल्या क्रेडिटमधून नाही, रोख भरायचा, आणि मग त्याचं क्रेडिट घ्यायचं, म्हणजे पुढच्या करातून तो वळता करायचा. १ नोव्हेंबर २०२४ पासून तर अशा खरेदीचं बिल खरेदीदाराने स्वतःच, माल मिळाल्यापासून ३० दिवसांत काढायचं असा नियम झाला. शिवाय रोखीचा प्रश्न. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात धरला जात नव्हता. शेतमाल पिकवणाऱ्यालाच थेट पैसे दिले तर तेव्हाच्या आयकर नियम ६डीडीप्रमाणे सूट होती, पण तो पिकवणाराच आहे हे पावतीवरून दिसायला हवं. म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच मी प्रत्येक पावतीवर बागायतदाराचं नाव, गाव आणि सही यासाठी हट्ट धरला होता. त्या पावत्या नीट होत्या आणि पुढे त्यांनीच वाचवलं.

मोजणी सुरू करण्याआधी मी मालाची हालचाल थांबवायला सांगते. ना आत काही यायचं, ना बाहेर काही जायचं. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का ते बघते, प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासते. मग ज्या रूपात माल आहे त्या रूपात मोजायचा. काजूच्या कारखान्यात माल एका जागी एका रूपात कधीच नसतो. खळ्यावर सुकणारी बी, पोत्यांतली बी, वाफवून थंड व्हायला ठेवलेली, कटरवर फोडलेली, बोरम्यात, म्हणजे गरम हवेच्या भट्टीत, सुकवायला गेलेला गर, सोलणाऱ्या बायकांच्या ताटांतला गर, आणि शेवटी ग्रेड लावून डब्यांत भरलेला. अख्ख्या गराचे डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असे ग्रेड असतात, हा आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात तो. त्यापुढे पाकळी, तुकडा, कणी. प्रत्येकाचा भाव वेगळा, म्हणून प्रत्येकाचं वजन वेगळं. ईदमुळे सोलायला निम्म्याच बायका होत्या, त्यामुळे ताटं मोजणं त्या दिवशी लवकर आटोपलं. टरफलं मोजायची म्हटल्यावर मुलगा म्हणाला, “ताई, त्याला काय किंमत?” पण टरफलाचं तेल काढणारे ती विकत घेतात. विकली जाते ती वस्तू साठ्यात यायलाच हवी. ढीग मोजला.

अडचण आली ती पोत्यांत.

जानेवारीअखेर जुना कच्चा माल संपला होता, त्यामुळे हिशेब सरळ होता. नव्या हंगामात शेतकऱ्यांकडून २४,००० किलो बी घेतलेली. त्यातली ९,६०० किलो, म्हणजे ८० किलोची १२० पोती, वाफवायला गेलेली. शेवटची १,६०० किलो, शनिवारी आलेली, खळ्यावर पसरलेली. म्हणजे गोदामात १२,८०० किलो, १६० पोती हवीत. आम्ही मोजली तर १३५ भरली. थप्प्या उलटून पुन्हा मोजली. १३५च.

पंचवीस पोती. किलोला सरासरी १५० रुपये धरले तर ३ लाख.

भाऊ काही वेळ बोललेच नाहीत. मग त्यांनी आबांकडे बघून विचारलं, “पंचवीस पोती गेली खंय?” आवाज चढला नव्हता, पण त्या प्रश्नात काय होतं ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. गोदामाची किल्ली आबांकडेच असायची. आबा म्हणाले, “मिया एक बी पण घराक नेलंय नाय.” एवढंच. आणि ते खळ्यावर निघून गेले.

मुलाने मला बाजूला घेतलं. त्याला आबांवर आळ यावा असं वाटत नव्हतं हे मी स्पष्ट सांगते, त्याचा जीव तुटत होता. तो म्हणाला, ताई, पंचवीस पोती वाफवायला गेली असं दाखवा, गराचा उतारा, म्हणजे बीतून निघणारा गर, थोडा कमी दिसेल, कोण बघतंय? असं मी खूप ठिकाणी ऐकते. पण माझ्या मते वर्षअखेरीच्या हिशेबात याइतकं घातक दुसरं काही नाही. एकदा साठ्याचा आकडा जुळवून घेतला की पुढच्या वर्षीची सुरुवातीची शिल्लक खोटी, नफा खोटा, बँकेला दर महिन्याला जातं ते साठ्याचं पत्रक, स्टॉक स्टेटमेंट, खोटं. आणि इथे तर त्याहून वाईट होणार होतं. कागद जुळला असता, पण आबांच्या माथ्यावरचा प्रश्न तसाच राहिला असता. जन्मभर.

मी त्याला म्हटलं, फरक कुठे लपवायचा ते नंतर बघू, आधी तो झाला कुठे ते शोधू.

पावत्या काढल्या. खरेदीचं वजन बागेत किंवा गावातल्या संकलनाच्या जागी झालेलं. पोत्याचं वजन खळ्यावर सुकवून झाल्यावर. मधे दोन-तीन दिवसांचं ऊन. ताज्या बीत पाणी बरंच असतं, ते ८ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवली नाही तर पोत्यात बुरशी येते. समजा १०० किलो ओल्या बीत १६ टक्के पाणी आहे. म्हणजे सुका भाग ८४ किलो. पाणी ८ टक्क्यांवर आलं की तोच ८४ किलोचा भाग ९१ किलोच्या थोडं वर भरतो. जवळजवळ ९ किलो उन्हात गेले. आधी व्यापाऱ्याकडून सुकी बी यायची तेव्हा ही घट व्यापाऱ्याच्या अंगणात व्हायची. यंदा ती भाऊंच्या खळ्यावर झाली, आणि कॉम्प्युटरमध्ये ओलं वजन आणि सुकं वजन एकाच खात्यात एकमेकांतून वजा होत राहिलं.

अंदाज बरोबर वाटत होता, पण एका माणसाच्या इमानाचा निवाडा अंदाजावर करता येत नाही. मला लॉटवार, म्हणजे एका वेळी आलेल्या एकेका मालाचा, पुरावा हवा होता. मी खळ्यावर गेले. आबा फळीने बी खालीवर करत होते. मी विचारलं, “आबा, खळ्यावरून पोती भरताना तुम्ही कुठे लिहून ठेवता का?”

ते म्हणाले, “ठेवतंय. पण माका कोणी इचारूकच नाय.”

त्यांच्या पिशवीत एक जुनी डायरी होती. चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी, अशी पोत्यांची खूण. शेजारी गावाचं नाव, बी खळ्यावर कधी पसरली, कधी भरली. फेब्रुवारीपासून एकही लॉट सुटला नव्हता. मुलगा ती डायरी रोज बघत होता, त्याला वाटे आबा मजुरीचे दिवस लिहितात.

दुपारभर आम्ही तिघं बसलो. एका बाजूला खरेदीच्या पावत्या, दुसऱ्या बाजूला डायरी. प्रत्येक पावतीवर गाव होतं म्हणूनच जुळवता आलं. खळ्यावरून उठलेली एकूण बी, खरेदीच्या वजनाने २२,४०० किलो. आबांच्या रेघांप्रमाणे भरलेली पोती २५५, म्हणजे २०,४०० किलो. त्यातली १२० वाफवायला गेलेली, १३५ समोर. एका पोत्याचाही फरक नाही. घट २,००० किलो, सुमारे ९ टक्के. लॉटवार बघितलं तर कुठे ६ टक्के, कुठे १२. आबांनी कारणही सांगितलं. आपसूक गळून पडलेली बी दोन दिवस घरात ठेवून आणली तर कमी सुटते, झाडावरून ओढून काढलेली कोवळी बी जास्त. काट्याला हे कळत नाही, हातात घेतल्यावर कळतं.

तरी मी शनिवारचा लॉट ऊन उतरल्यावर भरून तोलायला लावला. पाडव्याला घरची गुढी उभारून आबांनी स्वतः येऊन तो पसरला होता. शनिवारी १,६०० किलो. सोमवारी संध्याकाळी १,४७८. आणि आबांच्या मते त्याला अजून एक दिवस ऊन हवं होतं.

भाऊ काट्याशेजारी उभे होते. त्यांनी आकडा बघितला, मग आबांकडे वळून म्हणाले, “आबा, तुमची वही आमी कधी बघलंवच नाय. चुकला आमचा.” आबांनी नुसती मान हलवली आणि पोत्याचं तोंड शिवायला घेतलं. मला तेव्हा रडू येईल असं वाटत होतं. मी कागदात डोकं घातलं.

पण खरी गोष्ट यानंतरची होती, आणि ती भाऊंना त्याच संध्याकाळी समजावून सांगितली. ही घट नेहमीची, टाळता न येणारी. अशी घट वेगळा तोटा म्हणून लिहीत नाहीत, ती उरलेल्या मालाच्या किमतीत जाते. १५० रुपयांची ओली बी सुकल्यावर १६४ रुपये ७० पैशांना पडली होती. म्हणजे गोदामातल्या १०,८०० किलोंचं मूल्य १७ लाख ७९ हजारांच्या आसपास. पुस्तकात १९ लाख २० हजार दिसत होतं. उरलेले १ लाख ४१ हजार त्या १२० पोत्यांबरोबर गरात गेले होते. आणि गराचा भाव? तो मुलाने बीचे १५० रुपयेच धरून बसवला होता. सरासरी उतारा २८ टक्के धरला तर एक किलो गरामागे नुसत्या बीचा खर्च ५३६ऐवजी ५८८ रुपये येत होता. किलोमागे ५० रुपयांहून जास्त फरक. मार्चमध्ये विक्री वाढली म्हणून सगळे खूश होते, ती या स्वस्ताईमुळेही वाढली असणार. मुलाने दरपत्रक काढून समोर ठेवलं आणि त्याच रात्री नवे भाव मांडायला घेतले.

बाकीची कामं भराभर उरकली. कार्टन पुरवणारा एक छोटा कारखानदार आहे, लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी असलेला, त्याचं बिल ४५ दिवसांपुढे गेलं होतं. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे असे थकलेले पैसे ३१ मार्चच्या आत दिले नाहीत तर तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या कलम ४३बी(एच)मुळे तो खर्च त्या वर्षी धरला जात नव्हता. बँकेतून ऑनलाइन पैसे पाठवायच्या एनईएफटीला सुट्टी नसते, पैसे पाठवले. मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला की बिल आजच्या तारखेचं करा, माल पुढच्या आठवड्यात उचलतो. भाऊंनीच नाही म्हणून सांगितलं. सोलणाऱ्यांपैकी एक जण घरून शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली, तो सगळ्यांनी उभ्याउभ्याच खाल्ला.

राहिलं बँकेचं. फेब्रुवारीच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ओलंच वजन गेलं होतं, म्हणजे साठा जास्त दिसत होता. गप्प राहिलं असतं तर कदाचित चाललंही असतं. मी भाऊंना म्हटलं, आपणच लिहून कळवू. ते थोडे बिचकले, कारण साठा कमी दिसला की कॅश क्रेडिटमधून, म्हणजे साठ्याच्या तारणावर मिळणाऱ्या कर्जातून, काढता येणारी रक्कम कमी होते, आणि हंगामात बागायतदाराच्या हातात रोख द्यावी लागते. शेवटी मार्चचं स्टेटमेंट सुक्या वजनावर गेलं, सोबत फेब्रुवारीची दुरुस्ती आणि लॉटवार तक्ता.

एप्रिलमध्ये बँकेचा माणूस माल बघायला आला. पोती मोजली, चार तोलून बघितली, आणि ही ९ टक्क्यांची घट कशावरून म्हणून विचारलं. भाऊंनी आबांना बोलावून त्याच्यासमोर खुर्ची दिली. काढता येणारी रक्कम थोडी कमी झालीच. भाऊंनी त्या आठवड्यात बी कमी घेतली. खरेदीच्या रजिस्टरात आता ओलं वजन आणि सुकं वजन असे दोन रकाने आहेत, आणि दुसऱ्यापुढे आबांची सही असते.